आतून झिजलेलं टायर

काकू गाडी शिकल्या त्या चाळिशी उलटल्यावर, आणि तेही हौसेनं नाही. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. जन्मभर डोळ्याला भिंग लावून वाकून बसलेल्या काकांची पाठ एके दिवशी अशी धरली, की स्टुलावरून उठताच येईना. दुकानाला कुलूप लागलं. डॉक्टर म्हणाले, घरात हिंडा, खिडकीत बसा, पण वाकायचं काम आता विसरा. त्यानंतर थोड्याच दिवसांत काकूंचा थोरला भाऊ एक जुनी, फिकट निळी गाडी घेऊन दारात आला. किल्ली बहिणीच्या हातावर ठेवून म्हणाला, "पोरं शाळेत पोहोचवायचं काम धर. लहानपणी मी थोरला असून तूच मला हाकत होतीस. तुला काय अवघड आहे?"

खरंच अवघड गेलं नाही. आजूबाजूच्या घरांतली पाच पोरं काकू न्यायच्या-आणायच्या. पुढच्या सीटवर एक, मागे चार. गाडी सुरू व्हायच्या आधी दप्तरं मांडीवर, हात खिडकीच्या आत आणि भांडणं बंद, हा त्यांचा नियम. सगळ्यांत धाकटी एक पोरगी होती, तिला बाकीचे 'पणका' म्हणायचे, कारण काहीही सांगितलं की तिचा प्रश्न ठरलेला: "पण का?" तिच्या आईनं हात टेकले होते, पण काकू तिला न थकता उत्तरं द्यायच्या. सिग्नलला थांबायचं का, हॉर्न वाजवायचा नाही का, कुत्र्याला रस्ता ओलांडू द्यायचा का. चालवताना त्यांना भीती अशी कधी वाटलीच नव्हती. उलट घरातल्या औषधांच्या वासातून सुटून स्टिअरिंगवर हात ठेवला की त्यांना मोकळं वाटायचं.

भीती आली ती एका पंक्चरच्या निमित्तानं.

चौकापलीकडे मिस्त्रीचं गॅरेज होतं. माणूस बोलायला गोड, हाताला जड, आणि गुडघे दुखतात म्हणून गाडीखाली शिरायला भारी कंटाळा करणारा. वरून होईल तेवढं सगळं तो करायचा. त्या दिवशी मागचं उजवं चाक खोलून त्यानं ते आडवं केलं आणि आतल्या बाजूकडे वाकला.

"काकू, जरा इकडे या."

टायरची बाहेरची बाजू चांगली होती. खाचा खोल, कडा धड. पण आतली बाजू, जी गाडी उभी असताना कुणाला दिसत नाही, ती पार तुळतुळीत झाली होती. एका जागी तर रबर संपून आतली तार वर आली होती.

"बाहेरून इस्त्री आणि आतून चिंध्या," मिस्त्री म्हणाला. "हे चालत्या गाडीत फुटलं असतं म्हणजे?"

"फुटलं असतं म्हणजे काय?" काकूंनी विचारलं.

मिस्त्रीनं फडकं उचललं. तो हात पुसत राहिला.

त्याच सकाळी त्या चाकावर, अगदी बरोबर त्याच्या वर, पणका बसली होती आणि पूर्ण वाटभर गाणं म्हणत होती.

डावं टायरही खोललं. ते बाहेरच्या कडेनं झिजलं होतं, आतून ठीक. मिस्त्री म्हणाला, हवा कमी-जास्त झाली असेल. दोन्ही टायरं नवी बसली, हवा मोजून भरली गेली. काकूंनी सुटकेचा श्वास सोडला. पण तेव्हापासून त्यांना एक सवय लागली. सकाळी पोरं यायच्या आधी मागच्या चाकाशी उकिडवं बसायचं, हात आतल्या बाजूला घालायचा आणि टायरवरून तळवा फिरवायचा. काही आठवडे सगळं बरं होतं. मग एके सकाळी तळव्याला वेगळंच लागलं. हात एका दिशेनं नेला तर गुळगुळीत, उलट्या दिशेनं आणला तर किसणीसारखं खरखरीत. त्यांनी तीनदा हात फिरवून बघितला. मग उठून हात धुतला, आणि पोरं आली तेव्हा नेहमीसारख्या हसल्या.

मिस्त्री म्हणाला, शॉकअप गेले असतील. ते बदलले. पुन्हा तेच. मग म्हणाला, बेअरिंग असेल, चाक डुगडुगत असेल. बेअरिंग नवं टाकलं. पुन्हा तेच, आणि या खेपेला आणखी लवकर. मग त्यानं गाडी चाकं सरळ करणाऱ्या दुकानात पाठवली. तिथल्या माणसानं पुढची चाकं यंत्रावर लावून सरळ करून दिली आणि म्हणाला, या गाडीच्या मागच्या चाकांना फिरवायला काही नसतंच, ती जिथं असतात तिथंच असतात.

"मग ती टायर का खातेय?" काकूंनी विचारलं.

"म्हातारी झाली गाडी," तो म्हणाला. "म्हातारपणी खादाडी वाढतेच."

आजूबाजूचे हसले. काकूंना हसू आलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं. आधी जे झिजायला महिने लागत होते, ते आता आठवड्यांत होत होतं. म्हणजे जे काही बिघडलं होतं, ते थांबलेलं नव्हतं. ते चालू होतं. रोज, पोरं मागे बसलेली असताना, ते थोडंथोडं पुढे जात होतं.

एकदा भीती शिरल्यावर त्यांना सगळंच ऐकू यायला लागलं. मागून येणारी बारीक घरघर. खड्ड्यातून गेल्यावर उमटणारी एक करकर, जुन्या पलंगावर कुणी कूस बदलावी तशी. सरळ रस्त्यावर गाडी सरळ ठेवायची तर स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरावं लागत होतं, हेही त्यांच्या ध्यानात आलं. किती दिवस त्या तसं धरत होत्या कोण जाणे. हाताला सवय झाली होती, म्हणून डोक्याला कळलं नव्हतं.

काकांना त्यांनी यातलं थोडंच सांगितलं होतं. काका म्हणायचे, "अगं, तू त्या टायरची नाडी बघतेस रोज. ताप नाही ना त्याला?" काकू तेवढ्यापुरत्या हसायच्या.

मग पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर तो प्रकार घडला. तिथं उतार आहे आणि टाकी वाहून रस्ता कायम ओला असतो. काकूंनी नेहमीसारखा ब्रेक दाबला. पुढची चाकं वळली, पण गाडीचा मागचा भाग वळला नाही. तो आपला सरळ निघाला, एखाद्या हट्टी जनावरासारखा बाजूला सरकत. कठड्यापलीकडे खोल नाला होता. काकूंनी ब्रेक सोडला, स्टिअरिंग उलटं मारलं, आणि गाडी एक हिसका देऊन परत रस्त्यावर आली. मागची पोरं एकमेकांवर पडली आणि खिदळली. "काकू, परत! काकू, परत एकदा!"

शाळेच्या फाटकाशी पोरं उतरली तरी काकूंना स्टिअरिंगवरून हात काढता येईना. बोटं घट्ट वळली होती.

घरी येऊन त्यांनी काकांना सगळं सांगितलं. या वेळी काकांनी थट्टा केली नाही. मग म्हणाले, "घड्याळ मागे पडायला लागलं की लोक काटाच सरळ करतात. तू आत्तापर्यंत टायरच बदलत आलीस. गाडी सरळ चालते का, हे कुणी बघितलंय का?"

"मीच तर चालवते. सरळच चालते."

"तू आत बसून बघतेस. मी वरून बघतो. चाकांवर बादलीभर पाणी ओत आणि अंगणातून फाटकापर्यंत सरळ जा. हळू."

त्यांचं घर वरच्या मजल्यावर होतं आणि खालचं अंगण फरशीचं, उन्हानं कोरडं ठणठणीत. काकूंनी चारी चाकांवर पाणी ओतलं, गाडीत बसल्या आणि अगदी सावकाश फाटकापर्यंत नेली. उतरून वर बघितलं. काका खिडकीचा गज धरून फरशीकडे बघत होते.

"काय हो?"

"मागे वळून बघ," काका म्हणाले.

फरशीवर ओल्या रेघा उमटल्या होत्या. सरळ चालणाऱ्या गाडीची मागची चाकं पुढच्यांच्या रेघेवरूनच जातात, म्हणजे दोनच रेघा दिसायला हव्या होत्या. इथं चार होत्या. मागच्या दोन्ही रेघा एकाच बाजूला सरकलेल्या. पुढचा भाग एकीकडे तोंड करून चालला होता, मागचा दुसरीकडे. एकच गाडी, आणि तिच्या दोन वाटा.

म्हणून उजवं टायर आतून जात होतं आणि डावं बाहेरून! दोन्ही चाकं मिळून एकाच बाजूला ओढत होती, आणि रस्ता रबर खरवडत होता. उन्हात रेघा वाळत गेल्या, तरी काकू तिथंच बघत उभ्या राहिल्या.

"आता ही गाडी हलवू नकोस," काका वरून म्हणाले.

पण शाळा सुटायला आली होती. पाच पोरं फाटकात उभी राहणार होती. तीन आया कामावर, एकीचा फोन लागेना, पाचव्या घरी फक्त म्हातारी आजी. काकूंनी कपाळावरचा घाम पुसला आणि निघाल्या. जाताना त्या एकट्या होत्या, त्याचं काही वाटलं नाही. येताना मात्र त्यांनी टाकीचं वळण टाळून बाजाराचा लांबचा, सपाट रस्ता धरला आणि गाडी माणूस चालतो तेवढ्या वेगानं चालवली. मागे गाड्यांची रांग लागली. लोक हॉर्न मारत होते. एकानं शेजारून जाताना काच खाली करून विचारलं, "मावशी, ढकलू का?"

"काकू, आज हळू का?" मागून पणकाचा आवाज आला.

"आज गाडी दमलीय."

"पण का?"

काकूंनी आरशात मागे बघितलं. त्यांचे कान मागच्या करकरीकडे होते. प्रत्येक खड्ड्याला त्या श्वास धरायच्या आणि मनात पोरं मोजायच्या, जणू एखादं वाटेत सांडेल. शेवटचं पोर त्याच्या आजीच्या हाती दिलं तेव्हा त्यांचा पदर पाठीला चिकटला होता.

तशीच गाडी मिस्त्रीकडे नेली. "आज खाली शिरायचं," त्या म्हणाल्या. "गुडघे दुखोत नाहीतर काही होवो. तुम्ही नाही शिरलात तर मी शिरते."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मिस्त्री उठला. त्यानं मधोमध जॅक लावला आणि मागची बाजू वर उचलली. सीटखालचा पाना काढायला काकू मागचं दार उघडायला गेल्या. दार उघडेना. त्यांनी ओढलं, हिसडलं. दार चौकटीत घट्ट रुतून बसलं होतं.

"मगाशी तर उघडत होतं. पोरं इथूनच उतरली."

मिस्त्रीनं दाराकडे बघितलं. मग जॅक हळूहळू खाली सोडला. चाकं जमिनीला टेकली आणि दार आपोआप, कुणी हात न लावता, कट्‌ करून सुटलं. त्यानं पुन्हा गाडी उचलली. दार पुन्हा अडकलं.

"हे काय आहे?" काकूंनी विचारलं.

"गाडी मधे वाकतेय," तो म्हणाला. "गाडी वाकत नसते, काकू."

गाडी खाली घेऊन त्यानं मागची सीट उपटून बाहेर काढली. खालचा जाजमासारखा थर सोलला. त्याखाली डांबराचा जाड लेप होता, इतका जाड की कुणी मुद्दाम थापलाय हे कळत होतं. मिस्त्रीनं पटाशीनं तो खरवडायला सुरुवात केली. एक ओबडधोबड रेघ दिसायला लागली. वेल्डिंगची. ती एका दारापासून सुरू होऊन गाडीच्या पूर्ण रुंदीतून दुसऱ्या दारापर्यंत जात होती. एका बाजूचा पत्रा निळा, दुसऱ्या बाजूचा, रंगाच्या खाली, पांढरा. आणि उजवीकडे ती रेघ उसवली होती. बोट आत जाईल एवढी. फटीतून खालची जमीन दिसत होती.

"काकू, ही एक गाडी नाही," मिस्त्री म्हणाला. तो खालीच बसला. "पुढची अर्धी एकीची आहे आणि मागची अर्धी दुसरीची. दोन ठोकलेल्या गाड्यांचे चांगले तुकडे कापून जोडलेत. तोही वाकडा जोड. मी पहिल्याच दिवशी खाली शिरलो असतो तर..."

काकू त्या फटीकडे बघत होत्या. तिच्या बरोबर वर सीट असते, आणि सीटवर चार पोरं. टेकायला काही नव्हतं म्हणून त्या नव्या टायरांच्या चवडीवर बसल्या आणि कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या.

संध्याकाळी त्या भावाकडे गेल्या. चालत. भाऊ टीव्हीसमोर बसला होता. काकूंनी उभ्या उभ्याच सांगितलं. तो दचकेल, ओरडेल, ज्यानं विकली त्याच्या नावानं शंख करेल, असं त्यांना वाटलं होतं. तो दचकला नाही. त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला.

"मागून थोडं काम झालंय, एवढं म्हणाला होता तो," भाऊ म्हणाला. "जोडलेली आहे, पण मजबूत आहे म्हणाला. इतकी वर्षं चाललीच की."

"तुला माहीत होतं?"

"अगं, माहीत म्हणजे... तुझी तेव्हा नड होती. सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस."

काकूंना आठवलं, वहिनी आणि तिचा मुलगा त्या गाडीत कधीच बसले नव्हते. कितीदा म्हटलं होतं, सोडते घरी. दरवेळी दादाच म्हणायचा, नको, आम्ही आपले बसनं जातो, तुला कशाला त्रास. काकूंना ते त्याचं समजूतदारपण वाटायचं. आता त्या खोलीत उभ्या असताना त्यांना गार वाटायला लागलं. फटीतून जमीन दिसली तेव्हाही असं वाटलं नव्हतं.

"दादा, मागे परक्यांची पोरं बसत होती," त्या एवढंच म्हणाल्या.

तो काहीतरी बोलत होता. त्या ऐकायला थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाचही घरी जाऊन सांगायचं होतं. काका म्हणाले, गाडी बिघडली एवढंच सांग, पोरं धड आहेत, बाकीचं कशाला. काकूंनाही मनातून तेच हवं होतं. सांगितलं तर कोण पोर सोपवणार पुन्हा? पण पहिल्याच दारात उभ्या राहिल्यावर त्यांच्या तोंडून सगळंच बाहेर पडलं. टायर, वळण, रेघ, फट. एका आईनं ऐकता ऐकता पोराला जवळ ओढलं आणि दार लावून घेतलं. एक बाप शाळेत तक्रार करतो म्हणाला. दोन घरांनी नुसती मान डोलावली. पणकाची आई ऐकून मटकन खाली बसली, रडली, काकूंवर चिडली, आणि मग म्हणाली, "तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. नाहीतर आम्ही कुठं टायरखाली हात घालून बघणार होतो."

गाडी मोडीत काढली. काकूंनी ती मोडताना बघू नये असं मिस्त्रीला वाटत होतं, पण त्या गेल्याच. भंगारवाल्यानं उसवलेल्या जागी पहार घातली आणि नुसता जोर दिला. कापायची गरजच पडली नाही. जोड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाटत गेला आणि मागचा भाग धप्पकन खाली बसला. काकूंनी डोळे मिटले, पण आवाज कानात गेलाच.

त्यानंतर पुष्कळ दिवस त्यांना कुठल्याही गाडीत बसवेना. रिक्षातसुद्धा त्यांचे पाय जमिनीवर दाबलेले असायचे. जवळच्या दोन पोरांना त्या चालत शाळेत सोडायला लागल्या, पणका त्यांतली एक. काकांनी खिडकीपाशी छातीएवढ्या उंचीचं टेबल करून घेतलं आणि उभ्यानंच होतील तेवढी घड्याळं उघडायला लागले. भाऊ दोनदा येऊन गेला. काकूंनी त्याला चहा दिला. बोलली मात्र दोघं हवापाण्याबद्दलच.

पुढे मिस्त्रीनंच एक गाडी सुचवली. या वेळी तो न सांगता खाली शिरला, आणि त्याच्या शेजारी काकूही पदर खोचून शिरल्या. पत्र्याच्या एकेका सांध्यावरून बोट फिरवून बघितलं. पोरं हळूहळू परत आली. पाचातली तीन, आणि एक नवं.

पहिल्या सकाळी चौघं बसली, दारं लागली, दप्तरं मांडीवर आली. काकूंनी किल्ली फिरवली आणि गाडीचा आवाज ऐकत बसल्या. मागून कुणीतरी विचारलं, "काकू, निघायचं ना?" त्यांनी मान हलवली. पूर्ण रस्ताभर त्यांचं लक्ष मागे होतं, एखादी करकर येते का, शेपूट सरकतं का. काहीच आलं नाही. टाकीच्या वळणावर त्यांनी गाडी जवळजवळ थांबवली आणि मग पुढे काढली. शाळेच्या फाटकाशी पोरं उतरून पळाली. काकूंनी उतरून मागच्या दोन्ही टायरांवरून आतून तळवा फिरवला. मग गाडी वळवून घरी आल्या, काकांना जेवायला वाढलं, आणि दुपारी शाळा सुटायच्या वेळेला पुन्हा निघाल्या.